हाकेच्या अंतरावरची शाळा

समावेशित शिक्षण म्हणजे दिव्यांग मुलाने वस्तीतल्या इतर मुलांबरोबर, त्याच वर्गात, त्याच शिक्षकांकडे शिकणे. आणि त्या मुलाला शिकता यावे म्हणून शाळेने आपली इमारत, शिकवण्याची रीत व परीक्षा बदलणे. या व्याख्येतला दुसरा भाग सहसा विसरला जातो. केंद्र सरकारने १९७४ मध्ये दिव्यांग मुलांसाठी एकात्मिक शिक्षणाची योजना आणली, तेव्हा मुलाने शाळेला जुळवून घ्यावे अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामान्का शहरातील परिषदेने ही अपेक्षा उलटी केली: जुळवून घ्यायचे ते शाळेने.

त्याआधीचा मार्ग विशेष शाळेचा होता. मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी १८८५ मध्ये शाळा निघाली. नागपुरातही अंध मुलांची शाळा दक्षिण अंबाझरी मार्गावर, तर मूकबधिर विद्यालय शंकरनगरात आहे. ब्रेल, ओठांच्या हालचाली वाचणे, खुणांची भाषा यांचे जाणकार अशाच शाळांनी घडवले, आणि काही मुलांना त्यांची गरज आजही आहे. मात्र नागपूरच्या नकाशावर या दोन्ही जागा पश्चिमेला पडतात. हुडकेश्वर ही वस्ती शहराच्या दक्षिण टोकाला आहे. पूर्वीचे नागपूर ग्रामीणमधले हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे आणि शेतांच्या जागी लेआउट पडले आहेत. इथून रोज शहर ओलांडून मुलाला पोचवायचे आणि परत आणायचे, तर घरातल्या एका माणसाची मजुरी किंवा नोकरी त्यातच जाते. बहुतेक वेळा ती आईची असते. म्हणून घराजवळची शाळा हा इथे तत्त्वाइतकाच पोटापाण्याचाही प्रश्न आहे.

कायदा अशा कुटुंबांच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा वंचित घटकात स्पष्ट समावेश झाला. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर त्यांनाही अर्ज करता येतो. महाराष्ट्रात त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पण किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तर भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत सुगम ठेवणे आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी पुरवणे हे शाळांचे कर्तव्यच ठरवले. याच कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या, तसाच सिकलसेलही आला.

विदर्भासाठी हे शेवटचे नाव फार मोलाचे आहे, कारण हा आनुवंशिक रक्तविकार या भागात पुष्कळ आढळतो. सिकलसेलचे मूल वर्गात बसलेले असताना चारचौघांसारखेच दिसते. त्याला रॅम्प नको असतो, ब्रेल नको असते. पण अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा फार दमणूक झाली की त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी होण्याचा धोका वेगळा सांगायला नको. या मुलाला लागणाऱ्या सोयी जवळपास फुकटच्या आहेत: बाकावर पाण्याची बाटली, न विचारता लघवीला जाण्याची मुभा, उन्हातल्या कवायतीतून सूट, ताप आला तर लगेच पालकांना फोन, आणि दुखण्यामुळे बुडलेला अभ्यास भरून काढायला मदत. हे शिक्षकाला ठाऊक नसेल तर सततच्या गैरहजेरीमुळे तेच मूल कामचुकार ठरते.

शारीरिक दिव्यांगत्व डोळ्यांना दिसते, तरी त्यासाठीच्या सोयीही अर्धवटच होतात. रॅम्पचे प्रमाण १ ला १२ असते: जोते दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फूट लांब हवा. जागा नाही म्हणून आठ फुटांत उरकलेल्या उतारावरून मूल स्वतः वर जाऊ शकत नाही, आणि खाली येताना चाकाची खुर्ची हातची सुटते. स्वच्छतागृहाचे दार साधारण ९० सेंटिमीटर रुंद हवे, आत खुर्ची वळवायला जागा हवी. जिथे हे नसते तिथली मुले दिवसभर पाणीच पीत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर शाळा सुटण्याचे ते एक कारण ठरते. पुन्हा रॅम्प फाटकाच्या आत असतो आणि रस्ता बाहेर. नव्या लेआउटमधल्या कच्च्या रस्त्यांवरची काळी माती पावसात चाकांना धरून ठेवते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर.

वर्गाच्या आतले बदल बारीक असतात, आणि शिकणे त्यांवरच ठरते. कमी दिसणाऱ्या मुलाला पुढचा बाक आणि मोठ्या अक्षरांतले पुस्तक लागते. त्याशिवाय शिक्षकाने फळ्यावर लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणायला हवे. कर्णयंत्र बोलण्याबरोबर पंख्याची घरघरही मोठी करून ऐकवते, म्हणून ते मूल पंख्याखाली बसता कामा नये आणि फळ्याकडे तोंड करून त्याच्याशी बोलता कामा नये. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला टेकायला नीट खुर्ची, जाड पेन्सिल आणि वेळ हवा. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांत लावून दिला तर त्याची घालमेल कमी होते. अध्ययन अक्षमता सर्वांत उशिरा ओळखली जाते. तोंडी उत्तर चोख देणारे मूल लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत, भ आणि म मध्ये, जोडाक्षरांत अडखळते, आणि ‘लक्षच नाही’ असा शेरा घेऊन घरी जाते.

एवढे सगळे पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यासाठी विशेष शिक्षक लागतो. समग्र शिक्षा अभियानात गट साधन केंद्रांवर असे शिक्षक नेमले जातात आणि ते शाळाशाळांतून फिरतात. फिरती भेट म्हणजे एका मुलाच्या वाट्याला थोडा वेळ. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सामान्य शाळांत विशेष शिक्षकांची पदे ठरवण्यास सांगितले. केंद्राने २०२२ मध्ये प्रमाण जाहीर केले: प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मागे एक. २०२५ च्या मार्चमध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा पदे निश्चित करण्याचे आदेश द्यावे लागले. समावेशित शिक्षणाचे खरे अडलेले काम हेच आहे. रॅम्प एकदा बांधून होतो, शिक्षक रोज लागतो.

बाकीची मदत पैशांत आणि साधनांत मिळते. कर्णयंत्र, चाकाची खुर्ची, ब्रेल पुस्तके, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, आणि मुलींना महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता अशा तरतुदी आहेत. या सवलतींसाठी शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे लागते. मुलांच्या वाढीबरोबर कानातला साचा आणि खुर्चीचे माप बदलते, ही गोष्ट वाटप शिबिरांत मागे पडते.

तरीही अनेक मुले शाळेबाहेर राहतात. २०११ च्या जनगणनेवर आधारलेल्या युनेस्कोच्या २०१९ मधील अहवालानुसार भारतात ५ ते १९ वयातली चौथ्या हिश्श्याएवढी दिव्यांग मुले कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती. तीव्र आणि बहुविकलांग बालकांना घरी शिकवण्याचा पर्याय कायदा देतो. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी तो आधार आहे. पण शाळेला मूल अवघड वाटते म्हणून त्याला घरी बसवणे हा त्या पर्यायाचा गैरवापर ठरतो.

शिक्षण हक्काखालची खासगी शाळेतली जागा आठवीपर्यंतच असते. पुढे २०१६ चा कायदा किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो, आणि शेजारची शाळा की विशेष शाळा ही निवड मुलाकडे ठेवतो. दहावीच्या परीक्षेत गरजेनुसार लेखनिक आणि दर तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. त्यासाठीचा अर्ज शाळेमार्फत नागपूर विभागीय मंडळाकडे जातो. प्रमाणपत्राला लागणारा काळ पाहता पालकांनी मुख्याध्यापकांशी नववीतच बोलून ठेवावे लागते. लेखनिक खालच्या वर्गातला असतो, आणि बोलून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे. चाचणी परीक्षांपासून दोघांचा सराव झाला असेल तरच बोर्डाच्या पेपरला त्या जादा तासाचा उपयोग होतो.