राईस मिलची धूळ फुफ्फुसात किती खोल जाते?

गोंदिया म्हटलं की धान आणि राईस मिल. त्यामुळे 'श्वसनावर रिसर्च करायचाय' म्हणणाऱ्यांना विषय शोधत लांब जायला नको. फक्त 'धूळ' हा एकच शब्द लिहून थांबू नका. कणाचा आकार किती, ते आधी विचारा.

आरामात बसलो असताना आपण एका श्वासात साधारण ५०० मिली हवा घेतो. श्वासपटल खाली सरकतं, छातीतला दाब कमी होतो आणि हवा आत येते. त्यातली सुमारे ३५० मिलीच वायुकोशांपर्यंत पोहोचते, बाकीची वाटेतल्या नळ्यांमध्ये राहते. ही वाट जवळपास २३ वेळा दुभंगते. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाका-घशातच आदळून अडकतात. त्याहून लहान कण नळ्यांमधल्या चिकट श्लेष्म्यात बसतात आणि सिलिया नावाचे सूक्ष्म केस त्यांना वर ढकलतात. आपण खाकरतो ते हेच. पण २-३ मायक्रॉनचे कण थेट वायुकोशात जाऊ शकतात, आणि तिथे सिलिया नाहीत. तिथे भक्षक पेशी कण गिळतात. कण स्फटिकी सिलिकाचा असेल तर ती पेशीच मरते, दाह होतो आणि हळूहळू व्रण तयार होतो.

आता मिलमध्ये या. धानाच्या तुसात सिलिका असतेच. बॉयलरमध्ये तूस जाळलं की उरलेली राख बहुतांशी सिलिकाच. ती सहसा अस्फटिकी असते, पण आच फार वाढली तर तिचे स्फटिक होऊ शकतात. म्हणजे राख काढणारा आणि पोती वाहणारा हमाल एकाच आवारात वेगवेगळी धूळ घेतात. त्यात हमालाला धाप लागते. आरामात मिनिटाला ६-८ लिटर लागणारी हवा जड कामात ४० लिटरच्या वर जाते, शिवाय तोंडानं श्वास घेतला की नाकाची गाळणी बादच. तोंडाला बांधलेला दुपट्टा जाड धूळ अडवतो, बारीक फारशी नाही.

मोजायचं स्पायरोमेट्रीनं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण हवा, हे गुणोत्तर नळ्या अरुंद झाल्या की घसरतं. व्रणामुळे फुफ्फुस आखडलं तर मात्र दोन्ही आकडे कमी होतात आणि गुणोत्तर छान दिसतं! एकूण हवेचा आकडाही बघा. विडीचा प्रश्न फॉर्ममध्ये वेगळा ठेवा.

आणि फक्त हजेरीपटावरचे कामगार तपासू नका. ज्यांना दम लागला ते बहुधा आधीच काम सोडून घरी बसलेत. त्यांच्या गावी जावं लागेल.