प्रश्न मायक्रोफॅरडचा नव्हता

१९९७ साली टोयोटाची पहिली प्रियस जपानच्या रस्त्यांवर आली तेव्हा तिची २८८ व्होल्टची बॅटरी थेट इन्व्हर्टरला जोडलेली होती. मध्ये दाब वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर नव्हता. तो २००३ च्या दुसऱ्या पिढीत आला. बॅटरी १६८ सेलांची, २०१.६ व्होल्टची झाली आणि मोटरला मात्र ५०० व्होल्टपर्यंत दाब मिळू लागला. २००९ मध्ये तो ६५० वर गेला, २०१५ मध्ये ६०० वर उतरला. या अठरा वर्षांत बॅटरीची आणि मोटरची चर्चा भरपूर झाली. कन्व्हर्टरच्या तोंडाशी बसलेल्या कपॅसिटरकडे क्वचितच कुणी पाहिले. पण माझ्या मते या काळातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तिथेच आहे. उच्च दाबाच्या बूस्टसाठी कपॅसिटर निवडताना तो किती साठवतो हे नंतर बघावे. किती प्रवाह सोसतो हे आधी.

बूस्टची घडणच याला कारण आहे. स्विच चालू असतो तेवढा वेळ इंडक्टर बॅटरीकडून ऊर्जा घेतो आणि लोडला एकटा कपॅसिटर पोसतो. स्विच बंद झाला की डायोडमधून प्रवाहाचा लोंढा कपॅसिटरमध्ये शिरतो. सेकंदाला हजारो वेळा ही भरती-ओहोटी चालते. २०० चे ५०० व्होल्ट करायचे तर स्विच ६० टक्के वेळ चालू राहतो, आणि इंडक्टरमधला चढउतार बाजूला ठेवला तरी कपॅसिटरमधला आरएमएस प्रवाह लोडच्या १.२२ पट निघतो. २००४ च्या प्रियसचा कन्व्हर्टर २० किलोवॅटचा होता. म्हणजे ५०० व्होल्टवर लोडला ४० अँपिअर आणि कपॅसिटरला ४९. इन्व्हर्टरचे रिपल वेगळेच. आता हे काम ४५० व्होल्ट, ४७० मायक्रोफॅरडच्या नेहमीच्या इलेक्ट्रोलिटिककडून करून घ्यायचे म्हटले, तर तो अशा फ्रिक्वेन्सीला फार तर साडेतीन अँपिअर सोसेल असे धरू. ५०० व्होल्टसाठी दोन-दोन सिरीजमध्ये जोडावे लागतात, त्यात धारिता निम्मी होते, शिवाय दाब सारखा वाटला जावा म्हणून रेझिस्टर घालावे लागतात. अशा चौदा जोड्या, म्हणजे २८ नग, आणि धारिता सुमारे ३,३०० मायक्रोफॅरड. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने ही गाडी उघडून मोजली तेव्हा ६०० व्होल्टचा, १,१३० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आढळला. धारिता एक-तृतीयांश, आणि ती पुरेशी होती.

२०१० च्या, म्हणजे ६५० व्होल्टच्या मॉडेलमध्ये हा आकडा ८८८ मायक्रोफॅरडवर आला. दाब वाढला, त्यामुळे तेवढ्याच पॉवरला प्रवाह कमी लागतो, मग धारिता घटली यात विशेष काय, असे कुणी म्हणेल. आक्षेप बरोबर आहे. पण कमाल दाबाला साठणारी ऊर्जा १४१ ज्यूलवरून १८८ वर गेली, हेही पाहावे. नुसत्या मायक्रोफॅरडवरून कपॅसिटर लहान की मोठा ते कळत नाही.

याहून जड आक्षेप कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा. तिथेही बूस्टच असतो: पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी २३० व्होल्ट एसीवरून सुमारे ४०० व्होल्ट डीसी करणारा. आणि तिथे इलेक्ट्रोलिटिक आजही ठाण मांडून आहे. याचे कारण केवळ स्वस्ताई नाही. वीज क्षणभर गेली तर १ किलोवॅटचा सप्लाय २० मिलिसेकंद तगला पाहिजे. त्या वेळात दाब ४०० वरून ३०० वर येऊ द्यायचा म्हटले तरी ५७० मायक्रोफॅरड लागतात. तिथे साठवणूकच खरी गरज आहे. प्रियसच्या कन्व्हर्टरमागे मात्र बॅटरी उभी आहे, साठ्याचे ओझे कपॅसिटरवर नाही. सर्किटचे नाव एक असले तरी कपॅसिटरला दिलेले काम वेगळे आहे, म्हणून निवड वेगळी.

फिल्मची आणखी एक जमेची बाजू आहे. फिल्म एखाद्या जागी फुटली तर तिच्यावरचा तिथलाच पातळ धातूचा थर उडून जातो आणि दोष बाजूला पडतो. थोडी धारिता गमावून कपॅसिटर चालू राहतो. सिरॅमिक कपॅसिटरमध्ये ही सोय नाही. शिवाय एक्स७आर जातीचा सिरॅमिक पूर्ण दाबाखाली निम्म्याहून अधिक धारिता गमावू शकतो, त्यामुळे अंगावर छापलेला आकडा तिथे कामाला येत नाही. फिल्मची खरी अडचण उष्णतेची. ती ज्या पॉलिप्रॉपिलीनची असते ते साधारण १०५ अंशांच्या पलीकडे टिकत नाही, आणि ८५ च्या वर गेले की सोसायचा दाबही कमी धरावा लागतो. शेजारचे सिलिकॉन कार्बाइडचे स्विच मात्र आतून १७५ अंशांपर्यंत तापू शकतात. म्हणून आता नवा कन्व्हर्टर आखताना थंड पाण्याची नळी कपॅसिटरच्या किती जवळून न्यायची, हे आधी ठरवावे लागते.