अंगावरच्या कापडाचा हिशेब

ईद जवळ आली की घरोघरी कपड्यांची खरेदी सुरू होते. खाण्याच्या बाबतीत आपण फार काटेकोर असतो. बिस्किटाचा पुडा घेतानाही त्यात काही हराम तर नाही ना, हे उलटून पाहतो. पण स्वस्तातला टी-शर्ट हाती घेताना तो कोणाच्या श्रमातून आला, हा प्रश्न सहसा मनात येत नाही.

आज हा प्रश्न जगभर विचारला जातो तो प्रामुख्याने चीनच्या शिनजियांग प्रांताविषयी. ही उइगर मुसलमानांची भूमी. जगातल्या एकूण कापसापैकी सुमारे एक पंचमांश कापूस इथे पिकतो. २०१७ पासून इथल्या लाखो मुसलमानांना छावण्यांत डांबण्यात आले. शिवाय सरकारी योजनांखाली गावकऱ्यांना शेतात आणि दूरच्या कारखान्यांत कामाला पाठवले जाते. चीन सरकार याला गरिबी निर्मूलन म्हणते आणि सक्तीचा आरोप फेटाळते. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात या योजनांमध्ये सक्तीची चिन्हे असल्याचे नमूद केले. नकार दिला तर छावणीत जावे लागेल, अशी भीती असेल तर त्या होकाराला काय अर्थ?

लेबल काय सांगत नाही

मालेगाव, भिवंडीच्या वाचकांना कापडाचा प्रवास वेगळा सांगायला नको. जिनिंगमध्ये सरकी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, मग सूतगिरणी, माग, रंगाई आणि शेवटी शिलाई. सुतात अनेक ठिकाणचा कापूस मिसळतो. लेबलावर मात्र सहसा शिलाई कुठे झाली तेवढेच असते. बांगलादेशात किंवा व्हिएतनाममध्ये शिवलेल्या शर्टातही शिनजियांगचे सूत असू शकते.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: आम्ही पुरवठादाराकडून घेतले, त्याने कोणाकडून घेतले ते आम्हाला ठाऊक नाही. तपासनीस पाठवावेत, तर पहाऱ्यातला कामगार त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणार कसा? म्हणूनच २०२० मध्ये काही मोठ्या तपासणी संस्थांनी शिनजियांगमधली कामगार-तपासणी थांबवली.

पुरावा कोणी द्यायचा?

खरा मुद्दा इथेच आहे. छावणीतला मजूर पुरावा देऊ शकत नाही. म्हणून २१ जून २०२२ पासून लागू झालेल्या अमेरिकी कायद्याने हे ओझे फिरवले. शिनजियांगचा अंश असलेला माल सक्तीच्या श्रमाचाच समजला जातो. तसे नसेल तर ते आयातदाराने सिद्ध करायचे. यालाही पळवाट होती. आठशे डॉलरपर्यंतची पार्सले जवळजवळ तपासणीविना जात. चीनमधून येणाऱ्या पार्सलांसाठी ही सवलत मे २०२५ मध्ये बंद झाली. युरोपीय संघाचा कायदा डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. मात्र तिथे पुरावा शोधण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेवरच राहणार आहे.

जून २०२४ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने उइगरांच्या जागतिक संघटनेच्या बाजूने निकाल दिला. गुन्ह्यातून आलेला माल मधल्या कोणी योग्य किंमत देऊन विकत घेतला, एवढ्याने तो स्वच्छ होतोच असे नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याला हे नवीन नाही. चोरीचा माल दहा हातांतून फिरला म्हणून हलाल होत नाही. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना देतो. जिथे घामच जबरदस्तीने गाळून घेतला जातो, तिथला गुन्हा त्याहून मोठा आहे.

आपण काय करावे?

शिवणाऱ्या गरीब भगिनींचा रोजगार बुडावा, असे कोणी म्हणणार नाही. दोष त्यांचा नाही, सुताचा माग न ठेवणाऱ्या कंपनीचा आहे. म्हणून प्रश्नही तिलाच विचारावा: कापूस कुठला? सूतगिरणी कोणती? आपल्याकडे शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना कामगारांच्या हक्कांविषयीची माहिती वार्षिक अहवालात द्यावी लागते. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी तो अहवाल उघडून पाहावा आणि उत्तर मिळाले नाही तर कंपनीला लिहावे. एका घराच्या पत्राने फरक पडणार नाही. शंभर घरांची पत्रे मात्र सहज टाळता येत नाहीत.

आणि तोवर कपडे थोडे कमी घ्यावेत, घेतलेले जास्त दिवस वापरावेत. नव्या कपड्यांत ईदगाहवर उभे राहताना, ते विणणाऱ्या हातांसाठीही दुआ करावी. अल्लाह मजलूमांचा कैवारी आहे, पण हिशेब आपल्यालाही द्यायचा आहे.