भेंडीची तार

भाजीवालीच्या पाटीसमोर बसून भेंडीचा शेंडा मोडायला मला आजीनं शिकवलं. अंगठ्यानं टोक नुसतं दाबायचं. कोवळी असली तर 'कट्' करून तुटते. जून असली तर वाकते, आणि सालीचा एक धागा शेवटपर्यंत लोंबत राहतो. भाजीवाल्या या प्रकारावर चिडतात आणि त्यांचं बरोबरच आहे, कारण मोडलेला शेंडा दुपारपर्यंत काळा पडतो. म्हणून आजीचा नियम असा, की मोडलेली भेंडी आपल्याच पिशवीत टाकायची. मी तो अजून पाळते.

घरात भेंडी आली की कुणी ना कुणी नाक मुरडतंच. 'फार बुळबुळीत असते बाई!' ही तक्रार इतकी रुळली आहे की भाजी करणारीचा पहिला विचार तार कशी मोडायची हाच असतो. मला स्वतःला ती तार आवडते. कुठे ती पुरती घालवायची, कुठे निम्मी ठेवायची, हे ज्याच्या हाताला कळलं त्याला भेंडी कळली असं मी मानते. मी हे शिकले ते बरंचसं कोल्हापूरजवळच्या मामाच्या गावी.

मामा दरवर्षी 10 गुंठे उन्हाळी भेंडी लावतो. पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत तोडा सुरू होतो आणि मग दिवसाआड रानात जावंच लागतं. सकाळी लवकर गेलं की फुलं उमलताना दिसतात. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि आत खोल तळाशी गर्द किरमिजी डाग. कपाशीचं किंवा अंबाडीचं फूल पाहिलेल्याला हे घराणं लगेच ओळखू येतं. आपली जास्वंदही त्यातलीच. फूल एका दिवसाचं. ते मिटलं की पायथ्याशी करंगळीच्या नखाएवढी भेंडी धरते आणि 5-6 दिवसांत तोडायला येते. एक तोडा चुकला की तीच भेंडी दोरखंडासारखी होते. घरात लग्न असो की मयत, तोडा थांबत नाही.

पहिल्या दिवशी मी हौसेनं मोकळ्या हातांनी तोडायला लागले. शेजारच्या सरीतल्या मावशी म्हणाल्या, "ताई, हातात कायतरी घाला, न्हाईतर रातभर खाजवत बसशीला." त्यांनी घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता आणि हातांत बोटांपाशी कापलेले पायमोजे. भेंडीच्या पानांवर, देठांवर, फळावरही बारीक लव असते. नजरेला ती जेमतेम दिसते, कातडीला मात्र लगेच कळते. मी ऐकलं नाही. रात्री मनगटापासून कोपरापर्यंत आग होत होती, आणि मामीनं खोबरेल चोळत एक शब्दही सुनावला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. मावशी मात्र तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सरीत होत्या, त्याच पायमोज्यांत. तेव्हापासून मी भेंडीच्या भावात घासाघीस केलेली नाही.

मामाला खरी धास्ती असते ती हळद्याची. पांढरी माशी रस शोषता शोषता विषाणू पसरवते, पानांच्या शिरा पिवळ्याधमक होतात, मग फळही पिवळट आणि टणक येतं. एकदा लागण झालेलं झाड औषधानं बरं होत नाही. 1985 साली परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी क्रांती' हे वाण दिलं ते या रोगापायीच. 'पुसा सावनी' हे आधीचं नावाजलेलं वाण रोगापुढे टिकेना, तेव्हा त्याचा भेंडीच्या एका रानटी भावंडाशी संकर करून हे झाड उभं केलं. आता दुकानात संकरित बियाण्याच्या पुड्याच जास्त दिसतात, पण मामा क्रांतीचं नाव अजून मानानं घेतो.

आता मामीची चूल. भेंडीच्या काचऱ्या कराव्यात तर मामीनं. भेंडी अख्खी असतानाच ती धुते, जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरते आणि एकेक पुसते. "चिरल्यावर पाण्याचा थेंबबी लावू नगंस," हे तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की आता माझ्याच तोंडातून तसंच बाहेर पडतं. भेंडीतला चिकट पदार्थ म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबलचक साखळ्या. पाणी मिळालं की त्या फुगतात आणि तार सुटते. मामीला साखळ्या ठाऊक नाहीत, पाण्याचं भांडण ठाऊक आहे. विळीवर ती तिरप्या, पातळ चकत्या पाडते. पंधरा-वीस भेंड्या झाल्या की पात्यावर पांढरट चिकट थर बसतो. तो कोरड्या फडक्यानं निपटून काढायचा आणि पुढे चालू.

कढई लोखंडी. भेंडी तीत जराशी काळपट होते, पण लोखंडाची धग दुसऱ्या कशाला नाही. तेल सढळ, मोहरी तडतडली की ठेचलेला लसूण, आणि वर सगळ्या चकत्या एकदम. पहिली पाच मिनिटं भाजी बिघडल्यासारखी दिसते. उलथनं उचललं की चकत्यांपासून उलथन्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा ताणल्या जातात, सगळा गोळा एकत्र फिरतो. नवखी बाई इथं घाबरते आणि ढवळत सुटते, आणि ढवळावं तितका चिकटा वाढतो. मामी हात मागे घेते. झाकण नाही, कारण वाफ पुन्हा पाणी होऊन आत पडते. मीठ नाही, कारण मीठ भेंडीतलं पाणी बाहेर ओढतं. अधूनमधून खालून एकदा उलटवायचं, बस.

यापुढे मी कानांनी ऐकते. आधी दबका, ओलसर सूंसूं आवाज असतो. हळूहळू तो सुटा होतो, चुरचुरायला लागतो. तारा आखूड होतात, मग केसाएवढ्या, मग तुटतात, आणि एका क्षणी दोन चकत्या एकमेकींपासून सुटून कढईत वेगवेगळ्या सरकतात. मामी म्हणते, "आता मोकळी झाली." कडा खरपूस झाल्यावरच मीठ, कांदा-लसूण मसाला आणि दाण्याचं भरडसर कूट. गरम भाकरीबरोबर पहिला घास घेतला की आधी कड कुरकुरते, मग आतला मऊपणा लागतो आणि शेवटी कोवळ्या बिया दाताखाली टचटच फुटतात. भरली भेंडी असते राजेशाही, पण मसाल्यापुढे भेंडी मागे राहते. काचऱ्यांमध्ये ती एकटीच बोलते.

वडिलांकडची आजी रत्नागिरीची, तिचा मार्ग वेगळा. ती भेंडीचे मोठे तुकडे करायची, दोन आमसुलं टाकायची आणि वर ओलं खोबरं. आंबट पडलं की तार पातळ होते. चिंच, ताक, लिंबू, कोकम यांची भेंडीशी सोयरीक आहे ती यामुळे. तिच्या ताकातल्या भेंडीत रस किंचित दाट व्हायचा, डाळीचं पीठ अगदी नावालाच लागायचं. गोव्यात भेंडी म्हणजे भेंडे. आपल्या नेहमीच्या भेंडीला पाच धारा. तिथल्या फिकट हिरव्या, लांबोड्या भेंड्याला सात शिरा, आणि या 'सात शिरांच्या भेंड्या'ला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पावसाळ्यात तो सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, हुमणात पडतो, तेव्हा नारळाच्या रसाला जो मऊ अंगचा दाटपणा येतो तो वाटणानं येत नाही.

भेंडीचं लोणचं मी करते ते लिंबातलं. अगदी बोटाएवढ्या भेंड्या उभ्या चिरून तेलावर जरा परतायच्या, गार झाल्या की मोहरीची डाळ, हळद, मीठ, मिरची आणि भरपूर लिंबाचा रस. आठ दिवस फ्रिजमध्ये राहतं, आमच्याकडे तितकं उरत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत अख्खी भेंडी लसूण घातलेल्या व्हिनेगरमध्ये मुरवतात. तिथंही आंबटानंच काम साधतं. जपानमध्ये मात्र जेमतेम उकडून चिरलेली भेंडी सगळ्या तारेसकट, चवीनं खातात. ते मला पटतं.

पण तारेचं खरं मोल मी पाहिलं ते जेवणाच्या ताटात नव्हे, जानेवारीतल्या एका पहाटे, मामाच्या ओळखीच्या गुऱ्हाळावर. चरकातून आलेला उसाचा रस काहिलीत पडला होता, गढूळ, हिरवट-करडा. चुलवाणात चिपाडं धडधडत होती. गुळव्यांनी कोपऱ्यातली बादली पुढं ओढली. तीत रानभेंडीची ठेचलेली खोडं भिजत होती. ही आपल्या भाजीतली भेंडी नव्हे, तिची रानातली बहीण; काही शेतकरी बांधावर मुद्दाम लावतात. त्यांनी खोडं पाण्यात कुस्करली आणि हात वर काढला, तर पंजापासून बादलीपर्यंत काचेसारखी, न तुटणारी तार. ते पाणी त्यांनी तापत्या रसात गोल फिरवत सोडलं.

"आता बघा, ताई. मळी वर येत्या."

दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग काहिलीच्या कडेनं करडा फेस उचलू लागला, घट्ट होत मधोमध सरकला. रसात तरंगणारे बारीक मातीचे, चिपाडाचे कण त्या चिकट जाळ्यात अडकून, उकळीबरोबर वर आले होते. गुळव्यांनी लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी ओढून घेतली, पुन्हा आली, पुन्हा ओढली. खालचा रस निवळत निवळत मधाच्या रंगावर आला. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून रासायनिक पावडर टाकणारीही गुऱ्हाळं आहेत. या गुळव्यांनी ती कधी हातात धरली नाही. त्यांच्या ढेपेचा रंग तांबूस येतो, बाजारात त्यापायी भाव मिळताना वाद होतो, तरी ते बदलत नाहीत. मी बादलीत बोटं बुडवून पाहिली. चुरगळलेल्या पाल्यासारखा हिरवा वास, आणि बोटं अलग करावीत तशी तार लांबतच राहिली.

निघताना त्यांनी वाफ्यातून काढलेल्या कोमट गुळाचा एक गोळा कागदात बांधून दिला. त्या रात्री मामीनं चिंच-गुळाची भेंडी केली. भेंडीचे इंच-इंच तुकडे, मेथी-मिरचीची फोडणी, आधी चिंचेचा कोळ, तुकडे शिजत आल्यावर तोच गूळ. या वेळी तिनं तार सगळी मोडली नाही, एवढीशी मुद्दाम ठेवली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "रस भातावर बसाया नको व्हय?" रस भातावर बसला, ताटभर पळाला नाही, आणि मामानं त्या एका भाजीवर तिसऱ्यांदा भात मागितला.