सगळे पासपोर्ट एकाच पाऊचमध्ये नकोत

युरोपला निघालेलं कुटुंब विमानतळावर भेटलं की मी आधी विचारते, पासपोर्ट कुणाकडे आहेत? काकू काकांकडे बघतात. "यांच्याकडे आहेत ना सगळ्यांचे." काका कमरेच्या पाऊचवर हात ठेवतात. त्यात चौघांचे पासपोर्ट, फोरेक्स कार्ड, सगळे युरो, परतीच्या तिकिटांचे कागद, सगळं असतं. टूर मॅनेजर म्हणून पॅरिस, रोम, बार्सिलोना करताना मला सर्वात जास्त काळजी या पाऊचची वाटत आली आहे.

"ताई, तिकडे लुटतात म्हणे?" असं बायका हळूच विचारतात. चाकू दाखवून लुटल्याचा प्रसंग आमच्यासारख्या ग्रुपवर क्वचितच येतो. गाठ पडते ती पाकीटमारांशी, आणि ते आपल्या कामात फार तरबेज असतात. 2013च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांच्या टोळ्यांना वैतागून काम थांबवलं आणि मोनालिसाचं ते संग्रहालय एक दिवस बंद राहिलं. तिथे अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, त्यामुळे टोळ्यांमधली मुलं सरळ आत शिरत होती. 2015च्या मे महिन्यात आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही याच कारणावरून काम बंद केलं. रोज तिथेच वावरणारी माणसं जिथे हतबल होतात, तिथे पहिल्यांदा आलेल्या माणसाने आधीच तयारी करून जायला हवं.

चोराला तुमचं पाकीट हवं असतं, पण आधी त्याला तुमचं लक्ष दुसरीकडे वळवायचं असतं. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांपाशी काही तरुण रंगीत दोरे घेऊन उभे असतात. गोड बोलून ते बोटाला किंवा मनगटाला दोरा गुंडाळू लागतात. देवळात गंडा बांधून घ्यायची सवय असलेली आपली माणसं नकळत हात पुढे करतात. गाठ बसली की पैसे मागतात, आणि एक हात त्यांच्या ताब्यात असताना बॅग कोण सांभाळणार? तिथे हात खिशात ठेवायचे, "नो" म्हणायचं आणि चालत राहायचं. उद्धट वाटेल म्हणून थांबू नका.

लूव्रच्या बाहेर आणि आयफेलच्या आसपास मुली पॅड घेऊन सही मागायला येतात, कधी मुक्या-बहिऱ्यांसाठी म्हणून. ते पॅड तुमच्या पर्सच्या वर धरलेलं असतं आणि त्याखाली हात चालतो. तीन वाट्यांखाली गोळी लपवून पैजा लावणाऱ्यांभोवती गर्दी जमते. तिथे जिंकणारी माणसं त्यांचीच असतात, आणि नुसती गंमत बघायला थांबलेल्याचाही खिसा हलका होतो.

पॅरिस मेट्रोची एक नंबरची लाइन पर्यटकांची, म्हणून चोरांचीही. डब्यात चढताना कुणीतरी दारातच अडखळतं, मागून रेटा येतो, आणि तेवढ्यात काम झालेलं असतं. फोन तर दार बंद होण्याचा भोंगा वाजला की हातातून खेचतात. चोर फलाटावर, तुम्ही डब्यात, मधे बंद दार. म्हणून दाराजवळ उभं राहून नकाशा बघायचा नाही. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनच्या बाजूला जाणारी 64 नंबरची बस अशीच बदनाम आहे. आणि कृपा करून चोराला कपड्यांवरून, रंगावरून ओळखायला जाऊ नका. गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा, अगदी आपल्यासारखाच पर्यटक दिसणारा माणूसही चोर असतो.

साध्या वेशातला कुणी "पोलीस" म्हणून कार्ड दाखवून पाकीट तपासायला मागितलं, तर पाकीट हातात द्यायचं नाही. चला, ठाण्यात जाऊ, असं म्हणायचं. तोतया असेल तर तिथेच वाद सोडून देतो. शंका वाटली तर 112 फिरवा. युरोपात कुठेही चालतो, आणि आता आपल्याकडेही तोच नंबर आहे.

हॉटेलात मात्र सगळे निर्धास्त होतात. सकाळच्या नाश्त्याला पर्स खुर्चीला अडकवून काकू उपमा नाही म्हणून ब्रेड आणायला जातात. नाश्त्याच्या खोलीत कोण पाहुणा आणि कोण बाहेरचा, हे कुणी तपासत नाही. पर्स ताटाबरोबर न्यायची.

पाऊचकडे परत येते. त्रोकादेरोच्या गच्चीवरून आयफेल टॉवर समोर दिसतो. सांगलीकडच्या एका कुटुंबाचा तिथे फोटो काढून झाला आणि काकांचा हात कमरेला गेला. पाऊचची चेन उघडी होती, आत काही नव्हतं. चोराने एकच चोरी केली, पण अडकले चौघे. काकूंकडे एक युरो नव्हता. कार्ड काकांचं, फोनवरचं बँकेचं अॅप काकांचं, पासपोर्टची झेरॉक्सही त्याच पाऊचमध्ये. तीस वर्षं घर चालवलेली ती बाई तिथे पाण्याची बाटलीसुद्धा स्वतः विकत घेऊ शकत नव्हती. मला त्या चोरीपेक्षाही हे जास्त लागलं.

म्हणून आता मी निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये आग्रहाने सांगते. ज्याचा पासपोर्ट त्याच्या अंगावर, कपड्यांच्या आतल्या चपट्या पिशवीत. मुलांचे पासपोर्ट आईबाबांनी वाटून घ्यायचे. पैसे दोघांकडे, कार्डंही दोन आणि वेगवेगळ्या ठिकाणी. बाहेरच्या पर्समध्ये त्या दिवसापुरते युरो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो घरी मुलाला किंवा बहिणीला पाठवून ठेवायचे, दोन पासपोर्ट साइझ फोटो मोठ्या बॅगेत टाकायचे. दागिने घरी. मंगळसूत्र काढायला मन तयार नसेल तर मी वाद घालत नाही. स्कार्फच्या आत ठेवा, एवढंच म्हणते. काही पुरुषांना बायकोकडे पासपोर्ट देणं जड जातं, "ती विसरेल" म्हणतात. मी तो त्यांच्यासमोर काकूंच्या हातात देते.

आणि गेलंच तर? आधी कार्ड ब्लॉक, मग पोलीस ठाणं. ठाण्यात इंग्रजी बोलणारं माणूस मिळेलच असं नाही, म्हणून नाव, पासपोर्ट नंबर, जागा, वेळ आणि काय गेलं हे इंग्रजीत कागदावर लिहून न्यावं. तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय उठू नये. ती प्रत, फोटो आणि जुन्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन भारतीय दूतावासात गेलं की इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळू शकतं. त्यावर फक्त भारतात परतता येतं. पुढचं स्वित्झर्लंड राहून जातं. व्हिसासाठी घेतलेला विमा प्रामुख्याने आजारपणाचा असतो, किमान 30,000 युरोंचा. चोरीची आणि पासपोर्ट हरवल्याची भरपाई त्यात आहे का, हे घेतानाच विचारायचं. ती मागताना विमा कंपनी पोलिसांचा कागद मागते. ग्रुपची बस दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या देशाला निघते, तेव्हा रात्र झाली, जेवण राहिलं तरी तक्रार त्याच शहरात, त्याच दिवशी नोंदवायची.