मोठ्या नदीतील बास आणि वॉलआय : गळ टाकण्याआधी प्रवाह कसा वाचायचा?

तळ्याच्या काठावर गळ टाकण्याची सवय असलेला माणूस पहिल्यांदा मिसिसिपीच्या काठावर उभा राहिला की गोंधळतो. समोर अर्धा-एक किलोमीटर रुंद पाणी, मधून जाणारी मालवाहू जहाजे, गढूळ प्रवाह. एवढ्या पाण्यात मासा शोधायचा कुठे? उत्तर सोपे आहे. बहुतेक पाण्यात शोधायचाच नाही. मोठ्या नदीत मासे थोड्याच जागी जमतात आणि त्या जागा प्रवाह ठरवतो. अडचण अशी की त्यातल्या काही जागा माणसासाठी धोकादायकही असतात.

ही नदी नेमकी कशी आहे?

अमेरिकेतील मिनियापोलिसपासून सेंट लुईसच्या परिसरापर्यंतच्या मिसिसिपीवर जहाजांसाठी जलपाश आणि धरणांची २९ ठिकाणे आहेत. ही धरणे कोयनेसारखी पाणी साठवणारी नाहीत. जहाजांना किमान ९ फूट खोली मिळावी एवढ्यासाठीच ती पाणी अडवतात. त्यामुळे नदी जिन्याच्या पायऱ्यांसारखी झाली आहे. प्रत्येक पायरीत वरच्या धरणाखाली जोराचा प्रवाह, मध्ये बेटे आणि संथ फाटे, तर खालच्या धरणाजवळ रुंद, उथळ पाणी असते.

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत नोकरीनिमित्त गेलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. तिथून साधारण तासाभरावर रेड विंग हे गाव आहे आणि त्याच्या खाली लेक पेपिन. चिपेवा नदीने आणलेल्या वाळूमुळे मिसिसिपी तिथे तुंबली आणि हे नैसर्गिक सरोवर तयार झाले. नवशिक्यांसाठी हा पट्टा सोयीचा आहे.

मासा कुठे थांबतो?

प्रवाहात उभे राहायला माशाला ताकद खर्च करावी लागते, पण त्याचे खाणे प्रवाहाबरोबरच वाहत येते. म्हणून तो वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर थांबतो. संथ बाजूला विसावायचे, वेगवान बाजूने काही आले की झडप घालायची. कोकणात गरवायला जाणाऱ्यांना हे नवीन नाही. खडकामागचा डोह आणि वळणावरचा भोवरा ते आधी पाहतात. इथेही तेच करायचे. पाण्यावर फेसाची किंवा काटक्यांची रेघ दिसली, की तिथे दोन वेग एकमेकांना भेटतात असे समजावे.

मिसिसिपीवर याखेरीज एक खास जागा आहे, ती म्हणजे विंग डॅम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणी मुख्य पात्राकडे ढकलण्यासाठी काठापासून आडवे, दगड आणि झुडपांच्या फांद्यांचे बांध घातले गेले. पुढे मोठी धरणे झाली आणि यातले बरेचसे बांध पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात वॉलआय आणि स्मॉलमाउथ बास या बांधांच्या प्रवाहाकडील तोंडाशी थांबतात. पाण्यावर आडवी खळबळ दिसते, पण दगड त्या खळबळीच्या थोडे वरच्या बाजूला असतात. हे माहीत नसेल तर गळ मागे पडतो आणि बोटीचा पंखा दगडावर आदळतो.

बास आणि वॉलआय यांत फरक काय?

वॉलआय हा पर्च कुळातला मासा आणि मिनेसोटाचा राज्यमासा. त्याच्या डोळ्यांत मागून प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे अंधूक उजेडात आणि गढूळ पाण्यात त्याला आपल्या शिकारीपेक्षा चांगले दिसते. म्हणून पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ दिवस त्याचे. तो बहुधा तळालगत असतो.

बास दोन प्रकारचे. स्मॉलमाउथला दगड आणि वाहते पाणी आवडते. लार्जमाउथ मात्र फाट्यांतल्या संथ पाण्यात, कमळपानांखाली किंवा पडलेल्या झाडाच्या फांद्यांत लपतो. तो प्रवाहात शोधत बसलात तर दिवस वाया जाईल.

विणीतही फरक आहे. वॉलआय वसंताच्या सुरुवातीला, पाणी साधारण ६ ते १० अंश सेल्सिअस असताना अंडी टाकतो आणि निघून जातो. बासची वीण त्यानंतर, पाणी १५ अंशांच्या पुढे गेल्यावर होते. नर घरट्यावर पहारा देतो. त्याला गळाने उचलले तर लहान मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात. काठालगत उथळ तळावर गोल, स्वच्छ खळगा दिसला तर तो बास सोडून द्यावा.

साहित्य किती लागते?

थोडेच. साडेसहा ते सात फुटांची मध्यम काठी, साधे स्पिनिंग रीळ आणि ८ ते १० पौंड ताण सोसणारी दोरी. त्यावर जिग, म्हणजे डोक्याशी शिशाचा गोळा असलेला गळ, आणि त्याला रबरी शेपूट किंवा छोटा मासा. जिगचे वजन प्रवाहाप्रमाणे बदलायचे. तळाला टेकल्याचे बोटांना कळले पाहिजे. कळत नसेल तर जड जिग लावा. सतत अडकत असेल तर हलका लावा. जिग थोडा उचलायचा, दोरी ताणलेली ठेवून खाली जाऊ द्यायचा. वॉलआय अनेकदा तो खाली जातानाच पकडतो आणि हाताला फक्त हलकी टकटक किंवा अचानक जडपणा जाणवतो. आठवडाभर वेगवेगळी आमिषे बदलण्यापेक्षा या एका गोष्टीचा सराव जास्त उपयोगी पडतो.

सर्वांत मोठा धोका कुठे?

वॉलआय विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर सरकतो आणि धरणापाशी अडतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये धरणांखाली बोटींची गर्दी होते. पण तेव्हा पाणी अतिशय थंड असते. त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा सुटतो आणि थोड्या वेळात हातपाय काम करेनासे होतात. उत्तम पोहणाराही यातून सुटत नाही. धरणाच्या दरवाजांखाली पाणी गोल फिरून वस्तू परत दरवाजाकडे ओढते. तिथे लावलेली मनाईची पाटी ही मासेमारीची मर्यादा नव्हे, जिवाची आहे.

म्हणून काही नियम पाळाच. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायचे नाही, अंगात घालायचे. नांगर नेहमी बोटीच्या पुढच्या टोकाला बांधायचा. मागून बांधला तर प्रवाह मागचा भाग खाली दाबतो आणि बोट पाण्याने भरते. मुख्य मार्गात नांगर टाकायचा नाही. १५ बार्जचा तांडा सुमारे ३६५ मीटर लांब असतो आणि पटकन थांबू शकत नाही. निघण्यापूर्वी त्या दिवसाची पाण्याची पातळी पाहा. पाणी झपाट्याने चढत असेल तर घरी राहा. पहिल्या वर्षी काठावरूनच गळ टाकला तरी काही बिघडत नाही.

परवाना आणि ताटातला मासा

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन्ही राज्यांत १६ वर्षांपासून पुढे परवाना लागतो. दोन्हींच्या सीमेवरील पाण्यात कोणत्याही एका राज्याचा परवाना चालतो. किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतील, हे पट्ट्यानुसार बदलते. त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहा. परतताना बोटीतले पाणी काढून टाकणे कायद्याने बंधनकारक आहे, कारण त्यातून झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव दुसऱ्या तळ्यात जातात.

वॉलआयचे मांस पांढरे, सौम्य चवीचे असते. सुरमईसारखे रवा लावून तळले तरी छान लागते. पण मोठ्या, वयस्क माशांत पारा जास्त साठतो. म्हणून लहान मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी राज्याने दिलेले खाण्याचे प्रमाण पाळावे. मोठी वॉलआय बहुधा मादी असते. तिला परत सोडले तर पुढच्या वसंतात ती पुन्हा अंडी देईल.

पहिल्या फेरीत मासा मिळेलच असे नाही. तासभर काठावर उभे राहून पाणी कुठे धावते, कुठे वळते आणि कुठे थांबते एवढे पाहून आलात, तरी पुढच्या वेळी गळ टाकायची जागा तुम्हाला माहीत असेल, आणि टाळायचीही.