चित्रफितीचा आकार आधीच ओळखा!

प्रतिनिधी

लग्नाची दीड तासाची चित्रफीत संगणकावर रात्रभर तयार होते. सकाळी ती ३२ जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवायला घ्यावी, तर 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश झळकतो. पाहुणे खोळंबलेले असतात आणि पुन्हा काही तासांची प्रतीक्षा नशिबी येते. 'एक्स्पोर्ट'चे बटण दाबण्यापूर्वी साधा गुणाकार केला असता, तर हा मनस्ताप टळला असता.

'एचडी' की 'फोर-के', यावरच फाइलचा आकार ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो ठरतो बिटरेट आणि कालावधी या दोन गोष्टींवर. चित्र व ध्वनी साठवण्यासाठी दर सेकंदाला जेवढी माहिती खर्च होते, तो बिटरेट. मोठ्या चित्राला स्पष्टतेसाठी अधिक बिटरेट द्यावा लागतो, म्हणून त्याची फाइल फुगते. पूर्ण एचडी चित्रफितीसाठी (सेकंदाला ३० चौकटी) यूट्यूब ८ मेगाबिटची शिफारस करते, तर फोर-केसाठी ३५ ते ४५ मेगाबिटची.

बिटरेट मेगाबिटमध्ये, तर फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे बिटरेटला एकूण सेकंदांनी गुणून आठने भागले, की आकार मिळतो.

वरच्या उदाहरणात दीड तासाचे ५४०० सेकंद होतात. चित्र व ध्वनी मिळून ८ मेगाबिटचा दर धरला, तर फाइल ५४०० मेगाबाइट, म्हणजे सुमारे ५.४ जीबीची होईल. अनेक पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, मग जागा कितीही मोकळी असो!

हेच गणित उलटेही करता येते. ४००० मेगाबाइटला आठने गुणून ५४०० ने भागल्यास ५.९ मेगाबिट येतात. थोडी सूट ठेवून एकूण दर साडेपाच मेगाबिट ठेवला, तर फाइल ३.७ जीबीत बसते. चित्राचा दर्जा किंचित उतरेल, एवढेच. दर्जा राखायचा असल्यास 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करता येते. मात्र त्यात पेन ड्राइव्हवरील मजकूर पुसला जातो आणि काही जुने टीव्ही ही पद्धत ओळखत नाहीत.

अपलोडला लागणारा वेळही असाच काढता येतो. ५.४ जीबी म्हणजे ४३,२०० मेगाबिट. इंटरनेटचा अपलोड वेग १० मेगाबिट असेल, तर किमान ७२ मिनिटे लागतील. येथे डाउनलोडचा नव्हे, तर अपलोडचा वेग धरावा. अनेक जोडण्यांमध्ये तो बराच कमी असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. बिटरेटऐवजी 'दर्जा' निवडल्यास दृश्यानुसार दर बदलतो आणि हे सूत्र लागू पडत नाही. अशा वेळी वरातीतील नाचासारखा धावपळीचा एक मिनिटाचा तुकडा आधी तयार करून पाहावा आणि त्याच्या आकाराला एकूण मिनिटांनी गुणावे. आलेला आकडा बहुधा थोडा जास्तच असेल. पण जागा कमी पडण्यापेक्षा उरलेली बरी.